संधिवाताच्या बाई

“माहीत नाही” हे शब्द आमच्या बाई जितक्या शांतपणे उच्चारायच्या, तितक्या शांतपणे ते मी दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरच्या तोंडून ऐकले नाहीत. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या इस्पितळात सगळे त्यांना ‘संधिवाताच्या बाई’ म्हणत. मी त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली डॉक्टर.

त्यांची एक चाचणी चालू होती. संधिवात नवा असताना सुरुवातीलाच दोन औषधं एकत्र द्यावीत, की एक देऊन गरजेप्रमाणे वाढवावं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. कुठला पेशंट कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणक ठरवी. फरक असलाच तर लहान असणार, आणि लहान फरक दिसायला पुष्कळ पेशंट लागतात. आमच्याकडे ते टिकत नव्हते. कापडाच्या लूमवरचे कामगार सांधे जरा सैल झाले की गावी निघून जात.

इस्पितळ चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष घाई करू लागले. किती पेशंट लागतील या गणितात फरकच मोठा धरा, म्हणजे कमी माणसांत भागेल, असं त्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, “एवढा मोठा फरक असता तर नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. चाचणी कशाला हवी होती?”

चाचणी बंद करावी तर इतक्या माणसांचे हेलपाटे फुकट, चालू ठेवावी तर नवी माणसं नाहीत. अशात दापोड्याच्या गोदामात पॅकिंग करणारी जयश्री रडकुंडीला आली. ती एका औषधाच्या गटात होती.

“मॅडम, सकाली मूठ वलत न्हाय. मना पन दुसरी गोली द्या ना.”

चाचणीच्या नियमाप्रमाणे तिचं औषध वाढवायची वेळ अजून आली नव्हती. सगळ्यांनाच अशी आधी गोळी दिली तर दोन्ही गट सारखेच दिसणार. बाई बराच वेळ तिची सुजलेली बोटं हातात धरून बसल्या आणि मग त्यांनी गोळी लिहून दिली. जयश्रीचा हात सुधारला, तेव्हा मी आनंदाने ते सांगायला गेले. “एकीवरून काही कळत नाही गं,” एवढंच त्या म्हणाल्या.

पेशंट अपुरेच राहिले आणि चाचणी गुंडाळावी लागली. फरक सिद्ध झाला नाही. अध्यक्षांनी त्याचा अर्थ ‘दोन्ही सारखंच’ असा लावला आणि यापुढे सगळ्यांना एकच औषध, असा नियम काढला. “सारखं आहे असं नाही. आपल्याला दिसलं नाही,” बाई बैठकीत सांगत राहिल्या. कुणी ऐकेना. तसं लिहिलेल्या अहवालावर सही न करता त्यांनी राजीनामा दिला.

मीही निघते म्हणाले, तर त्यांनी अडवलं. “तू राहा. पेशंटशी खरं बोलणारं कुणीतरी इथं हवं.”

म्हणून राहिले. नियमाप्रमाणे एकच औषध लिहिते. कुणी कारण विचारलं तर ‘दोन्ही सारखंच, हे अभ्यासात सिद्ध झालंय’ असं सांगायची सूचना आहे. ते वाक्य मी अजून एकदाही उच्चारलेलं नाही.