आमेन म्हणण्याचा मान

प्रार्थनेला उभं राहण्याआधी काका मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत आणि छताकडे बोट दाखवून म्हणत, "आता वेळ त्याचा." ते घड्याळाला हात घालू लागले की आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घ्यायचो. काकांची प्रार्थना एकदा सुरू झाली की संपणार कधी, हे त्या वरच्यालाच ठाऊक!

चेन्नईजवळच्या तांबरमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आम्ही चार मराठी घरं होतो. काका नगरकडचे ख्रिस्ती, निवृत्तीला आलेले. बाकी आम्ही तीन घरं गणपती बसवणारी. काका-काकू दर रविवारी तमिळ चर्चमध्ये जात. "अर्धं कळतं, अर्धं प्रभू समजावतो," असं काका सांगत. मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, आपली भाषा कानावर पडू द्या.

झालं! काकांनी घरीच रविवारी पाच वाजता मराठी प्रार्थना सुरू केली. आता मराठी ख्रिस्ती आणायचे कुठून? मग आम्हालाच बोलावणं आलं. "अहो काका, आम्हाला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"प्रभू चालवून घेईल, ताई. पण पाच मिनिटं आधी या."

पहिल्या रविवारी शेजारचे सप्रे नारळ घेऊन आले आणि प्रार्थना संपताच सवयीने स्वतःभोवती गर्रकन फिरले. काकांनी नारळ मनापासून स्वीकारला. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी आमच्या घरी आली.

काका प्रार्थनेत कोणाला वगळत नसत. माझ्या मुलीचं दहावीचं गणित, दोन दिवस न आलेला पाण्याचा टँकर, सप्र्यांची अडकलेली बदली, झालंच तर त्यांची मूळव्याधसुद्धा. सप्रे बिचारे मान खाली घालून बसत. काकू खुर्चीत डोळे मिटून असत, चेहऱ्यावर काही हलत नसे.

एका रविवारी मी भाताचा कुकर गॅसवर ठेवून आले होते. अर्धा तास उलटला तरी काका टँकरपर्यंतसुद्धा पोचले नव्हते. त्यांनी श्वास घ्यायला थांबायचा अवकाश, मी ठणठणीत आवाजात "आमेन!" म्हणून मोकळी झाले. सगळे भराभर उठले. काकांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "ताई, ते तुमचं काम नाही."

मला राग आला. भात करपला तो वेगळाच. रात्री काका स्वतः दारात आले.

"रागावलात? सांगायचं राहिलंच. तीस वर्षं माझी प्रार्थना हिनेच थांबवली. लांबली की मधेच मोठ्याने आमेन म्हणायची. चर्चमध्येसुद्धा! मला लाज वाटायची." त्यांनी मागे आपल्या दाराकडे पाहिलं. "आता मी मुद्दाम लांबवतो. कधीतरी वैतागेल की हो."

त्यानंतर मी कुकर लावून कधी गेले नाही. गुडघे दुखत, डास चावत, पण आम्ही कोणी हूं की चूं केलं नाही. मी डोळे मिटायचं सोडून काकूंच्या तोंडाकडे बघत बसायची. त्यांचा देव माझा नव्हता, पण मागणं मात्र मीही मागू लागले होते.

चार महिने गेले. त्या दिवशी काका टँकर, गणित सगळं उरकून बदलीवर आले होते. "आणि हे दयाळू बापा, सप्र्यांच्या बदलीचा..."

"आ... मेन."

काकूंचा डावा हात खुर्चीवर आपटला. चेहऱ्यावर चक्क वैताग! काका तोंड उघडं ठेवून उभे राहिले आणि मग लहान मुलासारखे रडले. ते वाक्य त्यांनी कधीच पुरं केलं नाही. सप्र्यांची बदली पुढे झाली नाही, त्याचं खापर सप्रे अजून त्या आमेनवर फोडतात.

काकूंना पुढे चार-पाच शब्दच परत मिळाले, पण आमेन पक्का. दर रविवारी तो थोडा लवकर यायचा. प्रार्थना दहा मिनिटांवर आली आणि आम्ही सुखावलो. दीड वर्षाने काकू गेल्या.

काका निवृत्त होऊन लेकीकडे निघाले, तेव्हा सामान बांधलेल्या घरात आम्हाला शेवटचं बोलावलं. घड्याळ खिशात गेलं. सगळ्यांची नावं घेऊन झाली, काकूंचंही झालं. काका थांबले, पण डोळे मिटूनच उभे. रिकाम्या खुर्चीकडे बघण्याचं धाडस कोणाला होईना.

"म्हणा ताई," काका डोळे न उघडता म्हणाले. "आता तुमचंच काम आहे ते."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. काकूंना त्या दिवशी केवढा जोर लावावा लागला असेल, ते मला तेव्हा कळलं.

"आमेन," मी म्हटलं.