मांडीवरचं सूत

कोसा, म्हणजे टसर रेशमाचा कोश, उकळू लागला की त्याचा वास आधी परसात, मग माजघरात आणि शेवटी माणसाच्या केसांत येऊन बसतो. ओल्या पाचोळ्यासारखा, थोडा कुबट, थोडा गोडसर असा तो वास आंधळगावात वाढलेल्या कुणाला वेगळा म्हणून जाणवत नाही. मला मात्र यंदाच्या माघात, नागपूरहून पंधरा दिवसांसाठी घरी आले त्या सकाळी, तो उंबऱ्यातच जाणवला. अंगणात कोवळं ऊन होतं, गावाबाहेर धान निघून गेलेल्या बांध्यांमध्ये लाखोरीची निळी फुलं डुलत होती, आणि माझ्या पिशवीत एक पत्र होतं, ज्याच्याबद्दल आईला अर्धंच माहीत होतं.

सांगण्यासारखं अर्धं असं की मी दृश्यकलेत पीएच.डी. करते, विषय कोशाचं हाती काढलेलं सूत, आणि उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या कलाकेंद्रानं मला तीन महिने तिथे राहून काम करायला बोलावलं आहे. विद्यापीठात पेढे वाटून झाले होते. न सांगण्यासारखं अर्धं त्या अर्जासोबत पाठवलेल्या दोन मिनिटांच्या चित्रफितीत होतं. तिच्यात एक उघडी मांडी, तिच्यावरून पुढे सरकणारा तळहात आणि त्या तळव्याखाली चार कोशांचे तंतू एकवटून होत जाणारं मधाच्या रंगाचं सूत, एवढंच दिसतं. चेहरा दिसत नाही. ती मांडी आणि तो हात आईचा आहे. निवड करणाऱ्यांनी मात्र ‘तुमच्या हातांना जे ठाऊक आहे’ त्याची स्तुती करून, उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर तासभर सूत काढून दाखवण्याची विनंती केली होती. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. हात कुणाचे, एवढंच लिहायचं राहिलं होतं, आणि पत्र आल्यावरही मी ते राहूच दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझे नव्हते.

आमच्याकडे हे काम आतल्या खोलीतलं. पालथ्या मडक्यावर उकडलेले कोसे ठेवून, लुगडं मांडीपर्यंत सारून बायका बसतात, तेव्हा दार लोटलेलं असतं आणि घरातला पुरुषसुद्धा खाकरल्याशिवाय त्या बाजूला फिरकत नाही. वर्षानुवर्षं तळहात फिरून मांडीवरची तेवढी जागा गुळगुळीत, काळपट आणि निबर होते. तो डाग माझ्या अंगावर येऊ द्यायचा नाही, असं आईनं मी लहान असतानाच ठरवलं होतं. मी मडक्याजवळ टेकले की ती माझ्या हातात पुस्तक देऊन मला पडवीत पिटाळायची. त्यामुळे सुतावर मी दीडशे पानं लिहिली आणि वीतभर सूत काही काढलं नाही. ती चित्रफीतही तिनं ‘कॉलेजच्या अभ्यासाला’ म्हणून, कडी लावून, तोंड दिसणार नाही या अटीवर काढू दिली होती.

तिकडे सूत काढून दाखवायचं आहे, एवढंच मी तिला सांगितलं. तिनं माझ्यासाठी दुसरं मडकं पालथं घातलं. पहिल्या दिवशी तंतू तळव्याला चिकटत राहिले, दुसऱ्या दिवशी तुटत राहिले, आणि चौथ्या दिवशी माझ्या मांडीची साल निघाली. डोळ्यांसमोर सारखं एक पांढरंशुभ्र दालन यायचं, अनोळखी माणसं अर्धवर्तुळात उभी, आणि माझ्या हातात तुटलेला धागा. त्याच सुमारास केंद्राकडून कार्यक्रमाचा आराखडा आला. मी बसणार होते तिथल्या मागच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, ती चित्रफीत दाखवली जाणार होती. माझी अब्रू जाईल म्हणून मी आतापर्यंत घाबरत होते. आता डोळ्यांसमोर भिंतभर आईची मांडी दिसू लागली.

दुपारी खोलीत आम्ही दोघीच सूत काढत असताना मी तिला सगळं सांगितलं.

“थ्या लोकाईनं माही मांडी पायली?”

मी होय म्हणून मान हलवली.

“कोनाची म्हनून सांगतलंस?”

“सांगतलंच नाही, माय. थे माहीच समजून राहिले.”

तिचा हात थांबला. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी तिनं लुगडं ओढून घोट्यापर्यंत नेलं. ती रागवेल, रडेल, निदान मला बाहेर जा म्हणेल, याची मी वाट पाहत होते. तिनं मडक्यावरचे वाळायला लागलेले तंतू पाण्याच्या हातानं ओले केले.

“मंग बरं झालं. तशीच समजू दे. माहं नाव घेतलंस तं मले गावात तोंड दाखवाले जागा नाही रायनार.”

चित्रफीत भिंतीवर लावू नका, असं मी त्याच संध्याकाळी कळवलं. तुम्ही स्वतः समोर असताना तिची गरजच काय, असं मोकळं उत्तर आलं. दुसरं एक पत्र माझ्या फोनमध्ये अजून तसंच आहे, चार ओळींचं, ते हात माझ्या आईचे आहेत असं सांगणारं. ते पाठवलं तर आई शरमेनं खचेल. नाही पाठवलं, तर तिनं आयुष्यभर बंद दाराआड केलेलं काम माझ्या नावावर जगभर फिरेल, आणि ते तिलाच हवं आहे.

मंगळवारी विमान आहे. आज सकाळी, तेराव्या दिवशी, माझं सूत तुटलं नाही. कोसे संपेपर्यंत तुटलं नाही. आईनं त्याची लडी केली, आपल्या लडीशेजारी धरली, खिडकीतल्या उन्हात दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या आणि किती दिवसांनी मोकळं हसली.

“आता वळखू नाही येत, कोन्तं माहं अन् कोन्तं तुहं.”

मग दोन्ही लड्या माझ्या ओंजळीत ठेवून ती चुलीकडे गेली. मी त्यांत तिची शोधू लागले, घाबरून, घाईघाईनं, आणि मलाही ती ओळखता येईना.