कुटारावरची उडी

बांबूउडीत पडल्यावर गोपाल लगेच उठत नसे. आडवी काठी खाली आलेली, आम्ही पोट धरून हसतोय, आणि हा पाठीवर निवांत पडून आभाळ बघतोय. मग सावकाश म्हणे, "खालीच पडलो न बे, वरते थोडाच अटकलो!"

वरवट बकालला आमची घरं शेजारी होती. गोपालच्या अंगात उडीचं वेड होतं आणि अकडही तेवढीच. एका विभागीय स्पर्धेत सगळ्यांनी सोप्या उंचीपासून सुरुवात केली, हा पठ्ठ्या मात्र बसून राहिला. मी म्हटलं, "एक मारून ठेव, नाव त लागल." तर म्हणे, "एवढ्यावरून त आमची बकरीही उडते. मी काऊन उडू?" काठी मनाजोगी वर गेल्यावर तो उठला, आणि तिन्ही उड्या बाद झाल्या. शेवटच्या उडीत तर चड्डी काठीत अडकली नि मैदानभर हशा पिकला. परतीच्या एसटीत मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. तो खिडकीबाहेर बघत होता. खेळाडूंच्या जागेतून पोलिसात लागेन, असं त्याने घरी कबूल केलं होतं आणि वय निघून चाललं होतं.

शाळेच्या वाळूच्या खड्ड्यावर खोल्या बांधल्या गेल्या, तेव्हापासून तो शेतातच सराव करी. सोयाबीनच्या मळणीनंतर खळ्यावर कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग लागे. त्यावर तो उडून पडे. त्याचे वडील, आमचे काका, ओरडत, "ढोरायचं खानं हाये ते, तुही गादी नाही!" आणि संध्याकाळी स्वतःच दाताळ्याने कुटार मोकळं करून ठेवत.

त्या साली मळणी झाली आणि आभाळ भरून आलं. काकांनी ढिगावर ताडपत्री टाकून, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवले. आमच्याकडे सगळेच ठेवतात. सकाळी ऊन पडलं. काका बाजारात गेले होते. गोपालने घाईघाईने ताडपत्री ओढली. एक दगड घसरून कुटारात रुतला, तो कोणाला दिसला नाही.

उडी सुंदर झाली. काठी हललीसुद्धा नाही. गोपाल पडला आणि पडूनच राहिला. मी त्याच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत हसत उभा होतो. तो म्हणाला, "माहे पाय कुठी गेले बे?"

पाठीखाली हात घातला तेव्हा दगड लागला. जीप येईपर्यंत त्याचं एकच चाललं होतं, "तो दगड धुऱ्यावर फेक. अन् बांबू तोडून टाक. बाबाले सांगजो, बांबू मोडला." त्या बांबूला तो कोणाचा हात लागू देत नसे. मी दगड धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फेकला आणि कुऱ्हाडीने बांबूचे तुकडे केले. रडत केले.

बाजारातून आधी खळ्यावर जाऊन काका अकोल्याच्या दवाखान्यात धापा टाकत आले. गोपाल म्हणाला, "बांबूनं दगा देला, बाबा." काकांनी नुसती मान हलवली.

कमरेखालचं अंग कायमचं गेलं. काकाच त्याला कुशीवर वळवत, पुसत, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा धूत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गोपाल तीच कथा रंगवून सांगे, आणि बांबू कसा कडाड मोडला ते सांगताना चोरून काकांकडे बघे. मला तिथे बसवत नसे. पुढे जखमा चिघळल्या आणि एका उन्हाळ्यात तो गेला.

तेरवी आटोपल्यावर काकांनी मला खळ्यावर नेलं. मग म्हणाले, "बांबू मोडला का त्याच्या चिंध्या होतात. तो त कुऱ्हाडीनं तोडेल होता. अन् माहा एक दगड धुऱ्यावर पडेल होता. मले त्याच दिवशी समजलं."

"मंग बोलले काऊन नाही, काका?"

"पोरगं माह्यासाठी रोज खोटं बोले. मले मालूम हाये, हे त्याले समजलं असतं, त काय राह्यलं असतं त्याच्यापाशी?" काकांनी उपरण्याने तोंड पुसलं. "उमरभर त्याची एकही गोष्ट पार पडली नाही. हे एक त पार पडू देलं."