मोकळे रकाने

मी शिंपी आहे. गिऱ्हाईक विचारतं काय करता, मी म्हणतो कपडे शिवतो, विषय संपला. बायको काय करते असं कुणी विचारलं की मात्र माझी पंचाईत होते. लग्न झालं तेव्हा ती ओढ्यातल्या गोगलगायी मोजायची. मग शाळाशाळांतून पाण्याबद्दल बोलत फिरायला लागली, मग मास्तरांनाच शिकवायला लागली, आणि पुढे कॉम्प्युटर घेऊन बसली ती आजतागायत. शास्त्रज्ञ म्हणावं तर प्रयोगशाळा नाही, शिक्षिका म्हणावं तर वर्ग नाही. तीस वर्षं मी ‘पर्यावरणाचं काहीतरी’ असं सांगून वेळ मारून नेतोय.

तिचं एक काम मला कळायचं, निदान कळतंय असं वाटायचं. शाळेतली पोरं ओढ्या-तळ्यांचं पाणी तपासतात, तक्ते भरून पाठवतात, आणि तिचा प्रोग्रॅम नकाशावर ठिपके रंगवतो. हिरवा म्हणजे पाणी चांगलं, लाल म्हणजे पायसुद्धा बुडवू नका.

परवा सकाळी एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. बाई हिच्याच हाताखाली शिकलेल्या. चाळीस पोरांना शाळेमागच्या डोहात पोहायला नेतेय, ठिपका हिरवा आहे, नेऊ ना, असं विचारत होत्या. बिनधास्त न्या, असं हिने सांगितलं, आणि चहाचा कप हातात घेऊन कौतुकाने तो ठिपका उघडून बघायला बसली. चहा तसाच राहिला. त्या डोहाच्या तक्त्यात चार वर्षं एकही आकडा नव्हता, पाणी कुणी तपासलंच नव्हतं.

मला काही उमजेना. तपासलं नाही, मग हिरवा कसा? तिने सांगितलं ते असं. पूर्वी कागदी तक्ते होते तेव्हा पोरं शून्यं लिहून लिहून कंटाळायची, म्हणून हिनेच मुभा दिली होती, की घाण सापडली नाही तर रकाना मोकळा सोडा. पुढे प्रोग्रॅम लिहिताना मोकळा रकाना म्हणजे शून्य, असं हिनेच घालून ठेवलं. आता ज्या शाळांनी तपासणंच सोडलं, त्यांचेही रकाने मोकळेच. मग त्यातलं खरं शून्य कुठलं, असं मी विचारलं, तोवर ती बाईंना फोन लावत होती.

बाई फोन उचलेनात. स्कूटर काढली आणि तसेच निघालो. पोहोचलो तर पोरं काठावर तयार, पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत होते. हिने सगळ्यांना थांबवलं. बाईंचा चेहरा उतरला.

“मॅडम, लोक काहीही म्हणोत, नकाशावर विश्वास ठेवा, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?”

ही काठावर वाकली. तपासणीच्या बाटलीत पाणी भरलं. पण ती बाटली एक दिवस उबेला ठेवावी लागते, काळी पडली तर पाणी वाईट. तेवढ्यात पुढच्या एका मुलीने सरळ विचारलं, की पाणी चांगलं आहे की वाईट?

“मला माहीत नाही,” बायको म्हणाली.

चाळीस पोरांसमोर. माझे कान तापले. तीस वर्षं घरदार सोडून हिंडली ती हे सांगायला? पोरं तोंडं पाडून परत गेली, आणि मीही वाटभर तिच्याशी धड बोललो नाही. आता त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. हिने बाईंना फोन केला, तर बाई म्हणाल्या, म्हणजे नकाशा बरोबरच होता, उगाच पोरांचा हिरमोड केलात. बरोबर निघाला, पण तपासला कुणी होता, असं ही म्हणाली. खरं सांगतो, बाईंच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. अजूनही मला नक्की कळलेलं नाही की चुकलं ते कुठे आणि बरोबर निघालं ते कसं.

त्याच दुपारी तिने प्रोग्रॅम बदलला आणि मोकळ्या रकान्यांचे सगळे ठिपके पांढरे केले. तीनशे बारामधले एकशे नव्वद पांढरे झाले.  मग तिने मला विचारलं, की इतक्या वर्षांत हिरवा बघून किती पोरं उतरली असतील, आणि कुणाला बाधलं असेल का?

मी आपली समजूत घातली. “बाधलं असतं तर कुणीतरी कळवलं असतं की.”

“कुठे?” ती म्हणाली. “तक्त्यात तसा रकानाच नाहीये.”