डोळे मिटून भांडणारे पास्टर

पास्टरांचे किस्से साठतात त्याला कारण आहे. रविवारी आम्ही लोकांसमोर शहाण्यासारखं वागतो आणि तो सगळा शहाणपणा सोमवारी उतरतो! कर्जत-खालापूरकडचे आम्ही चौघे दर सोमवारी चौक गावात एका गॅरेजच्या मागच्या खोलीत जमतो. बायबलचा अभ्यास, सेवेतल्या अडचणी आणि चहा. चौघांत मी कडावचा. अण्णा सगळ्यांत वडील. फिलिप सर बायबल कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. आणि सुदाम, रसायनीच्या कंपनीत शिफ्ट करून चर्चची मंडळी सांभाळणारा. किस्से सगळे सर आणि सुदामचे. अण्णा आणि मी आपले ऐकणारे.

*

वाद कायम एकच. देवाने माणसाला एकदा पापातून सोडवलं, म्हणजे त्याचं तारण झालं, की ते पुन्हा जातं का?

सर म्हणतात, "जात नाही. ती देवाची जबाबदारी."

सुदाम म्हणतो, "जातं. माणूस सांजच्याला गुत्त्यात जातो, तवा देव काय मागं जातो? मी रोज बघतो ना!"

चर्चेत सरांपुढे कोणाचं काही चालत नाही. पण एकदा शेवटची प्रार्थना सुदामकडे आली आणि त्याला शोध लागला, की प्रार्थना चालू असताना, आमेन होईपर्यंत, मध्ये कोणी बोलत नाही! लगेच सुरू, "हे प्रभू, काही भाऊ लई पुस्तकं वाचतात. त्यांना माणसं बी वाचायला शिकव!"

सर दातओठ खात डोळे मिटून बसले. तेव्हापासून शेवटची प्रार्थना कोणी करायची यावर चर्चेपेक्षा जास्त मारामारी.

*

पुढच्या सोमवारी सरांनी नंबर लावला. "हे प्रभू, मूळ ग्रीकमध्ये तू जे क्रियापद वापरलंस, त्याचा काळ बघता..." क्रियापदावरून क्रियापदावर प्रार्थना लांबत चालली. चहा गार झाला.

शेवटी सुदाम डोळे मिटूनच म्हणाला, "सर, तो काय बोलला ते त्याला ठाऊक हाय!"

अण्णांना हसू आवरेना. प्रार्थनेत हसायचं कसं, म्हणून ते खोकत खोकत बाहेर गेले.

*

एकदा हायवेच्या ढाब्यावर जेवायला गेलो. जेवणाआधी आशीर्वाद मागायचा, दोन वाक्यांचं काम. सुदामने मागितला, त्यात सरांना टोमणा. सरांनी पुन्हा मागितला, त्यात सुदामला उत्तर. सुदाम परत सुरू! वेटर रोट्या घेऊन उभा. त्या बिचाऱ्याने जाऊन टीव्हीचा आवाज बंद केला आणि अण्णांच्या कानाशी येऊन विचारलं, "शेठ, कोण वारलं काय?"

"अजून नाय," अण्णा म्हणाले. "पण मला शुगर हाय. हे असेच चालू राहिले तर माझाच नंबर!"

*

मग मात्र खरंच बिनसलं. सुदामच्या मंडळीतला एक जण दारूपायी दूर गेला होता, तो परत आला. सुदाम त्याला नदीवर दुसऱ्यांदा बाप्तिस्मा द्यायला निघाला. सर काठावरून सगळ्यांदेखत ओरडले, "एकदा झालाय तो पुरे! हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

सुदाम कमरेएवढ्या पाण्यात आणि तो माणूस नाक धरून तयार! सुदाम बाप्तिस्मा न देताच बाहेर आला. मला नंतर म्हणाला, "माझ्या लोकांसमोर माझी अब्रू काढली रं. आता सरांशी बोलणं बंद."

मला फार वाईट वाटलं. सुदामच्या चर्चचे पत्रे चढवले तेव्हा शिडी धरून उभे राहिलेले हेच सर. वाटलं, गेली ही दोस्ती, आणि आमचा सोमवारही गेला.

*

पण दोघेही यायचे! मैदान सोडायचं कोणी? बोलायचे मात्र फक्त प्रार्थनेत. आमेन झालं की पुन्हा अबोला.

एकदा सुदामची प्रार्थना चालू असताना गॅरेजमधून धूर यायला लागला. "हे प्रभू, खिडकीपाशी बसलेल्या भावाच्या मनात घाल, खिडकी लाव म्हणावं."

सरांनी उठून खिडकी लावली. परत येऊन बसले आणि म्हणाले, "हे प्रभू, मागणाऱ्याला जरा प्लीज म्हणायला शिकव."

"देवाला टेलिफोन ऑपरेटर केलाय या दोघांनी!" अण्णा म्हणाले.

*

मग सरांना हार्टचा त्रास निघाला. पनवेलला बायपास ठरली. आदल्या दुपारी मी त्यांच्यापाशी बसलो होतो, तर दारात सुदाम. शिफ्टवरून थेट, कंपनीच्या कपड्यांतच. येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मीच म्हटलं, "चला, प्रार्थना करू या."

डोळे मिटले. माझा एक उघडा होता, खोटं कशाला बोलू!

"हे प्रभू," सुदाम म्हणाला, "सरांना विचार, भ्या वाटतंय का."

सरांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. मग सर पुटपुटले, "प्रभू, त्याला सांग, वाटतंय. फार वाटतंय."

सुदाम उशाशी सरकला. "मग सरांना सांग, तू हायस, एकदा धरल्यावर सोडत नाहीस. ते शिकवतात ते खरं हाय. आज मला बी पटतंय म्हणावं."

"प्रभू, हे त्याच्या तोंडून ऐकायला मला छाती फाडून घ्यावी लागतेय, तेही सांग त्याला!"

मला हसू आलं, आणि रडूही.

नर्स आत आली. "भेटायची वेळ संपली. आटपा आता."

सुदाम प्रार्थना संपवायला लागला, "येशूच्या नावाने मागतो..." सरांनी डोळे न उघडता हात लांब केला आणि त्याचं मनगट घट्ट धरलं.

"सुदाम," ते म्हणाले, "आमेन म्हणू नकोस."