सोनचाफ्याच्या वासातला संगणक

प्रयोगशाळेत आज कुणीतरी सोनचाफा आणला आणि मला वसईतला आमचा ओटा आठवला. त्या दिवशी बाबा तिथे वाडीतली सोनचाफ्याची फुलं निवडत होते. मी संगणकाची जुनी डिस्क पुसून दुसऱ्या डिस्कवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती; पण काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली, सिस्टीम सापडत नाही.

“बिघडवलास ना? आता दुरुस्तीवाल्याकडे नेतो. तू पुन्हा हात लावायचा नाही.”

“थोडं थांबा ना, बाबा.”

वायरी घट्ट होत्या. सेटिंग उघडल्यावर कारण दिसलं: संगणक अजून रिकाम्या डिस्कमध्येच शोधत होता. मी डिस्क शोधण्याचा क्रम बदलला आणि पडदा उजळला.

बाबा पुन्हा फुलांकडे वळले. “मग उद्या विहिरीचा पंप तूच खोल.”

तेव्हा ती थट्टा वाटली. त्या पंपाला बाबा मेकॅनिकलाही हात लावू देत नसत, हे आज जाणवतं.