चुन्याची खूण

मामांना दवाखान्यात नेलं त्या सकाळी मी लिंबं निवडत होते. मामा म्हणजे माझे सासरे. शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर उशी लावून त्यांना बसवलं, ह्यांनी दार लावून घेतलं, आणि मी हात पुसत पुढं गेले तेव्हा मध्ये काच होती. मामांनी काचेतून आधी अंगणातल्या आपल्या पिकअपकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि नुसत्या भुवया उचलल्या. मी पदर सावरून काचेवर तळहात सपाट टेकवला. ते हसले. गाडी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी नगरहून फोन आला... त्याला आता दीड महिना होईल. दशक्रियेला माइकवर पुष्कळ जण बोलले. सोसायटीत काय काम केलं, देवळासाठी किती राबले, सगळं खरंच होतं. पिकअपचं मात्र कुणी काढलं नाही, आणि मी बायकांच्या घोळक्यात मागं बसले होते. काचेवरच्या तळहाताचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत होता.

सासऱ्यांपुढं सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मला ती जड गेली नाही, मी मुळातच बुजरी. काही सांगायचं असलं की सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या कानात सांगायचं आणि त्यांनी ते मोठ्यानं बोलायचं. मामाही भिंतीकडं बघून विचारायचे, "साखर हाय का संपली?" अशी अकरा वर्षं गेली. मग आत्याबाईंचे गुडघे धरले आणि लिंबाच्या गोण्या घेऊन मामांबरोबर श्रीगोंद्याच्या बाजारात जायचं काम माझ्याकडं आलं. हे सुप्याला कंपनीत, त्यांना सवड नसायची. पाऊण तासाची वाट, लिंबाचा वास, आणि दोघंही गप्प.

पिकअप जुनी, पण मामांचा तिच्यावर भारी जीव. दुसऱ्याचा हात तिला लागू द्यायचे नाहीत. "माझ्या गाडीचा आवाज मला कळंना व्हय?" असं चारचौघांत म्हणायचे. आणि नेमकं तेच कळत नव्हतं. मी डावीकडं बसायचे. प्रत्येक खड्ड्याला माझ्या पायाखाली खट्ट व्हायचं. आधी वाटलं, सीटखालचा जॅक हलतोय. पण आवाज वाढत गेला, आणि मामा मात्र शांत. एकदा मागून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून होता, तरी आरशात दिसेपर्यंत मामांनी बाजू दिली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं... मामांना ऐकू येत नाही.

घरी सांगितलं असतं तर ह्यांनी त्याच दिवशी चावी काढून घेतली असती. गाडी विकायचं ते वर्षभर म्हणतच होते. चावी गेली असती तर मामा ओट्यावर बसले असते आणि परत उठले नसते, इतकं मी त्यांना ओळखत होते. आणि नाही सांगितलं तर ते चाक! माहेरच्या रस्त्याला पुढचं चाक बाहेर मुडपून पडलेला टेम्पो मी पाहिला होता. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. बोलायला तोंड उघडेना, आणि उघडलं असतं तरी माझा आवाज त्यांना कुठला ऐकू यायला! शेवटी तिसऱ्या दिवशी चाक वाजलं तशी मी बोटाच्या पेरानं डॅशबोर्डवर टकटक केली. मामांनी बोटाकडं बघितलं. पुढच्या खड्ड्याला मी पुन्हा वाजवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी गाडी बाभळीखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कवापासून?" त्यांनी स्टिअरिंगला विचारलं.

मी तीन बोटं दाखवली. तीन महिने.

"अन् घरात कुनाला..."

मी मान हलवली. नाही.

"बरं," म्हणाले, आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं घरी आणली.

दुसऱ्या दिवशी नवे पार्ट आणले आणि अंगणातच काम काढलं. जॅक लावला, खाली ओंडके सारले, चाक उतरवलं. मला पहार घालून उचकटायला लावलं, तर चाकाला आर्मशी, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी हाताशी, जोडणारा बॉल जॉइंट हलत्या दातासारखा खुळखुळत होता. आर्मच्या मुळाशी असलेले रबराचे बुश फाटून चिंध्या झालेले. आत्याबाई ओट्यावरून ओरडून म्हणाल्या, "अवो, त्या पोरीला कशाला काळं करताय त्येलात? गावात मानूस न्हाई का?"

"मानूस लई बोलतो," मामा म्हणाले. "हिला बोलता येत न्हाई, ह्ये बेस हाय."

मी पदराआड हसले. गाडीचा भार तोलणाऱ्या दांड्याचा बोल्ट ढिला करण्याआधी त्यांनी तंबाखूच्या चंचीतून चुन्याची डबी काढली आणि बोटानं बोल्टवरून शेजारच्या लोखंडावर एक रेघ ओढली. "जोडताना रेघंला रेघ जुळली की गाडी व्हती तशी उभी ऱ्हाती," हे जॅकला सांगितलं. नवा बॉल जॉइंट, नवे बुश बसले. मी हौसेनं पाना आवळायला लागले, तर त्यांनी पाना धरला.

"थांब."

अकरा वर्षांत थेट मला म्हटलेला तो पहिला शब्द.

"आत्ता नुसतं धरून ठेव. गाडी खाली उतरू दे, वजन पायावर येऊ दे, मंग आवळ. लटकत्यात आवळलं तर रबर पिळून ऱ्हातं, महिन्यात फाटतं."

गाडी खाली उतरल्यावर शेवटची आवळणी त्यांनी माझ्याकडूनच करून घेतली.

त्यानंतर पाच वर्षं निघताना ते समोरच्या काचेला विचारायचे, "काय म्हनती गाडी?" चाक वाजलं की मी एकदा टकटक करायचे, मागून हॉर्न आला की दोनदा, आणि सगळं ठीक असलं की तळहात सपाट. मी माहेरी गेले की मामांचं अंग दुखायचं. माझ्याशिवाय त्यांनी गाडी रस्त्यावर काढली नाही. तरी मी केलं ते बरोबर की चूक, हे मला अजून नीट कळत नाही. कुणाला काही झालं असतं तर...

दहाव्यानंतर हे वडिलांबद्दल म्हणाले, "डॉक्टर सांगत हुते, आबांचे दोन्ही कान कधीचेच गेलेत. मग गाडी कशी चालवत हुते?" मी भाकरी थापत राहिले.

मागच्या आठवड्यात ह्यांच्याबरोबर पहिल्यांदाच लिंबं घेऊन निघाले. वेशीजवळच्या खड्ड्यात खट्ट झालं आणि माझं बोट आपोआप डॅशबोर्डवर वाजलं.

"काय गं?"

"डाव्या चाकाचा बुश गेलाय."

"मला तर काय ऐकू न्हाई आलं."

"तुमाला तिकडून न्हाई कळायचं. इथं पायाला कळतं."

ह्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं. मग बोटाखालच्या त्या जागेकडं, जिथं काळा डॅशबोर्ड घासून पांढुरका झालाय. गाडी बाजूला घेतली.

"आबांसंगं पाच वर्षं असंच?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी चष्मा पुसला आणि गाडी सावकाश घराकडं वळवली.

सुट्टीच्या दिवशी अंगणात जॅक लागला. हे बोल्टला पाना घालणार तोच मी म्हणाले, "थांबा." गाडीच्या खणात मामांची चुन्याची डबी होती. चुना वाळून खडूसारखा झाला होता. मी दोन थेंब पाणी घालून बोटानं कालवत बसले. वेळ लागला, पण मऊ झाला. वाकून बघितलं, तर बोल्टवर ग्रीसखाली मामांची रेघ अजून होती, पुसट. मी तिच्यावरूनच बोट ओढलं.